काकांची साखर, काकूंचं ताट

आमच्या लोधीपुऱ्यातल्या दवाखान्यात औषधं संपतात, किस्से काही संपत नाहीत! डॉक्टर शुगर-बीपी बघतात आणि 'काय खायचं ते ताई सांगतील' म्हणून पेशंटला माझ्याकडे पाठवतात. मी सांगते. ऐकतं कोण, ते मात्र विचारू नका.

*

पहिलं काम पोटाचा घेर मोजायचं. टेप दिसला की पुरुषमंडळी पोट आत ओढून उभी! परवा एका कापडदुकानदाराला म्हटलं, "भाऊ, श्वास सोडा की!"

"सोडला तर तुम्ही लिहून घ्याल ना!"

बायका पोट ओढत नाहीत. त्या घासाघीस करतात. "निऱ्यांचे तरी दोन इंच कमी करा हो, ताई!"

*

हेच कापडदुकानदार भाऊ रोज सकाळी मित्रांबरोबर तापीकाठी फिरतात. तरी वजन जागच्या जागी. खोदून विचारलं तेव्हा कळलं, घाटावरून सगळे थेट पोहे-जलेबीच्या गाडीवर!

"मेहनत के बाद कुछ तो चाहिए, ताई!"

त्यांच्या बायकोला म्हटलं, तुम्हीपण जात जा. तर म्हणाली, "एकटी निघाले की गल्लीत विचारतात, घरात भांडण झालं का?" मला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

*

धूलकोटचे एक भाऊ छाती फुगवून आले. "गुटखा बंद केला, ताई!"

"शाब्बास! मग गालात काय आहे?"

"साधा तंबाखू. बिना केमिकलचा, एकदम ऑर्गेनिक!"

*

निंबोल्याचे दामूकाका केळीवाले. त्यांची साखर फार वाढली होती. प्रमिलाकाकूंनी कंबर कसली. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, गोड बंद. काका खाणार, काकू पहारा देणार. दर वेळी फाइल काकूंच्याच पिशवीत. काकांची साखर उतरली तेव्हा मी काकूंना म्हटलं, "आता तुमचीपण तपासू."

"मले काय धाड भरली?"

बळेच तपासली. बाई गं! काकांची होती त्याहून जास्त!

"काकू, खाता तरी काय?"

त्या लाजल्या. पाहुणे मिठाई आणतात, कोणाच्या मुलीच्या साखरपुड्याचा डबा येतो. काकांना बंद. मग ते सगळं काकूच संपवत होत्या. वर सगळ्यांचं जेवण झाल्यावर पातेल्यात उरलेला भातही त्यांच्याच पानात.

"टाकाचं कसं, ताई? अन्न आहे ना!"

इतकी वर्षं आपल्यानंतर ही काय जेवते ते कधी बघितलंच नाही, काका म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. जाताना फाइलची पिशवी त्यांनी स्वतःच्या खांद्याला अडकवली.

*

पुढच्या वेळी दोघं आली ती हसतच. काका आता काकूंना बरोबर घेऊन जेवायला बसतात, संध्याकाळी बागेच्या बांधापर्यंत फिरवून आणतात. काकूंची साखर बरीच खाली आली होती! मला इतका आनंद झाला की डॉक्टरांना हाक मारून रिपोर्ट दाखवला.

मग काकांचा रिपोर्ट उघडला. साखर पुन्हा चढलेली!

"काका! हे काय?"

काकांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी पदर तोंडाला लावला.

"हिला तर तुम्ही बंद केलं," काका म्हणाले. "पण घरात मावा जलेबी आली होती, ताई. टाकाची कशी? अन्न आहे ना!"