गेल्या वर्षीच्या चार सायकली

किस्से जमवायला कोणी मुद्दाम जात नाही. ते कुसळांसारखे असतात. गवतातून चालताना काही कळत नाही. घरी येऊन बसलं की सलवारीच्या घेराला पन्नास निघतात. सायकल घेतल्यापासून माझं तसंच झालंय. एखादा सांगायला बसले की त्याला चिकटून दुसरा येतो.

आधी माणसं सांगते. आमचं चौघांचं नातं रक्ताचं आहे. म्हणजे मी रक्त काढते आणि बाकीचे तिघं देतात. वर्ध्यात माझी लॅब आहे, छोटीशीच. एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले वानखेडे काका दर महिन्याला शुगर तपासायला यायचे. पंकज ढोक हायस्कूलमध्ये गणित शिकवतो, तो कोलेस्टेरॉलसाठी. ज्योती मेश्राम सेलू तालुक्यातल्या एका उपकेंद्रात नर्स आहे. ती थायरॉइडसाठी यायची आणि गप्पांसाठी थांबायची. एका सोमवारी तिघांचे रिपोर्ट सारखेच वाईट आले. माझा मी काढलाच नव्हता, पण काढला असता तरी फार वेगळा नसता. तिथल्या तिथे ठरलं की सायकली घ्यायच्या आणि रोज सकाळी निघायचं.

*

दुकानात सेल होता. आम्हाला डांबरी रोडवरही चालेल आणि पांदणीतही चालेल अशी सायकल हवी होती, कारण वर्ध्यातून कुठल्याही बाजूला थोडं गेलं की डांबर संपतं आणि बैलबंडीची वाट लागते. दुकानदारानं कोपऱ्यातल्या चार सायकली काढल्या. रोडवरच्या सायकलीसारखी हलकी, डोंगरातल्या सायकलीसारखे जाड टायर, दोन्हींचं मिळून एक, म्हणून हायब्रिड, असं त्यानं नीट समजावलं. वर घसघशीत सूट.

वानखेडे काकांचं चार एकर कापसाचं वावर आहे. हायब्रिड म्हटल्यावर त्यांचा चेहराच बदलला. त्यांनी एक चाक हातानं फिरवून पाहिलं, ब्रेक दाबून पाहिला आणि दुकानदाराला विचारलं, "हायब्रिड सरकी एकाच वर्षाची असते. दुसऱ्या वर्षी पेरली तं धड उगवत नाई. हे दुसऱ्या वर्षी चालन का?"

दुकानदार खरा माणूस होता. तो म्हणाला, "काका, हे मॉडेल गेल्याच वर्षीचं आहे. म्हणून तं सूट आहे."

काकांचं समाधान झालं. त्यांनी लगेच घेतली.

*

घरी नेल्यावर खरी परीक्षा. काकूंनी सायकलीला एक प्रदक्षिणा घातली. स्टँड नाही. कॅरिअर नाही. मडगार्ड नाही. चेनवर कव्हर नाही. घंटी नाही. काकांनी सांगितलं की अशा सायकलीला हे काहीच नसतं, त्यामुळे ती हलकी राहते.

काकूंना सूट मिळाल्याचं माहीत होतं. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "मंग देल्लं तरी काय त्यानं?"

त्या दिवसापासून ती सायकल काकांच्या घरी धान्याच्या कोठीला टेकून उभी असते. काकू म्हणतात, एवढी महागाची वस्तू, पण पायावर उभी नाई राहू शकत.

*

पंकज सगळं पद्धतशीर करतो. सायकल आली तशी हेल्मेट आलं, हातमोजे आले, किती चालवली ते मोजायचं ॲप आलं आणि शेवटी सायकलवाल्यांची ती घट्ट चड्डी आली, मागं गादी शिवलेली. आम्ही तिघांनीही त्याबद्दल मत दिलं नाही. मत त्याच्या सासऱ्यांनी दिलं.

त्याची सासुरवाडी नाचणगावची. एका सुट्टीला त्यानं ठरवलं की वर्ध्याहून नाचणगाव सायकलनं गाठायचं आणि सगळ्यांना चकित करायचं. चकित झालेच सगळे. अंगणात सासूबाई, दोन मेहुण्या, शेजारच्या चार बाया पापड वाळत घालत होत्या. पंकजनं फाटकात सायकल थांबवली, हेल्मेट काढलं आणि हसून उभा राहिला. बायांनी एकदम पापडांकडे बघायला सुरुवात केली.

सासरे बाहेर आले. त्यांनी जावयाला वरून खालपर्यंत पाहिलं, आत गेले आणि टॉवेल घेऊन आले. म्हणाले, "जावई, हे गुंडाळा. मंग भेटू."

पंकजनं त्या दिवशी जेवण टॉवेलवर केलं. ॲपमध्ये मात्र ती राईड त्यानं अजून जपून ठेवली आहे.

*

आता माझा स्वतःचा. मी वीस वर्षं लोकांना सुया टोचते आहे. प्रत्येकाला एकच वाक्य सांगते, काही नाही, मुंगी चावल्यासारखं वाटेल. मोठी माणसंसुद्धा ते ऐकून हात पुढे करतात.

पवनारच्या पुढं एका पांदणीत माझ्या पुढच्या चाकात बाभळीचा काटा गेला. हवा अशी फुसफुसत गेली की मीच घाबरून उतरले. नवी कोरी सायकल, महिनाही झाला नव्हता. मला खरंच वाईट वाटलं आणि तोंडावर दिसलंही असावं.

काका खाली बसले. टायरवरून हात फिरवला, काटा धरला आणि सायकलीलाच म्हणाले, "काई नाई व माय. मुंगी चावली."

तेव्हापासून लॅबमध्ये मी ते वाक्य बदललंय. आता नुसतं "टोचतेय" म्हणते.

*

काळ्या मातीबद्दल दुकानदार काही बोलला नव्हता. हायब्रिड दोन्हीकडे चालते, हे त्याचं खरं होतं. पण आपली माती तिसरी आहे, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

केळझरच्या गणपतीला जायचं ठरलं होतं. आदल्या संध्याकाळी पाऊस पडून गेलेला. पंकजच्या मोबाइलनं जवळचा रस्ता दाखवला, तो पांदणीतून. पहिली शंभर पावलं बरी गेली. मग माती टायरला धरायला लागली. टायर जाड झालं, मग आणखी जाड, मग चाक आणि फ्रेम यांच्यात मातीचा गच्च लोंदा बसला आणि चारही सायकली जागच्या जागी खिळल्या. ढकलून ढकलत नाहीत. शेवटी आम्ही त्या खांद्यावर घेतल्या. चपलांना माती, खांद्यावर सायकल, अशी आमची वरात निघाली.

समोरून निंदायला निघालेल्या बाया आल्या. त्यांनी बाजूला होऊन आम्हाला वाट दिली. त्यातली एक म्हातारी काही वेळ बघत राहिली, मग तिनं ज्योतीला विचारलं की हे घेऊन कुठं चालल्या. ज्योती म्हणाली, केळझरला, देवदर्शनाला.

म्हातारी सायकलींकडे बोट करून म्हणाली, "याईचा नवस होता का?"

*

ज्योतीची सायकल कामाला लागली. आमच्यापैकी तिचीच खऱ्या अर्थानं. उपकेंद्राखाली तीन गावं येतात, आणि आधी ती तिथं स्कूटीनं फिरायची. लसीकरणाच्या दिवशी स्कूटीचा आवाज गावकुसाला आला की काही आया लेकरं कडेवर घेऊन मागच्या दारानं वावरात पसार व्हायच्या. ज्योती घरोघर रिकामे पाळणे बघत फिरायची. यादीतली नावं महिनोन्‌महिने राहून जायची, आणि त्याचं तिला खरंच लागायचं. एक गोवराचं लेकरू तिनं पाहिलं होतं, त्याबद्दल ती एकदाच बोलली.

तिनं सायकल तिथं नेली आणि सगळं बदललं. हिला आवाजच नाही. आई दारात लेकराला तेल लावते आहे, आणि समोर नर्सबाई उभी, हातात लसीचा डबा. पळायला वेळच नाही. आणि समोरासमोर बसून बोललं की बहुतेक जणी ऐकायच्या. तीन महिन्यांत तिच्या यादीतलं एकही नाव राहिलं नाही.

ग्रामपंचायतीनं तिचा सत्कार केला. शाल, नारळ, सरपंचांचं भाषण. ताईंनी गावच्या लेकरांसाठी पांदणी तुडवल्या वगैरे. ज्योतीचे डोळे भरून आले. मग गावातल्या महिलांतर्फे एक खास भेट आहे असं जाहीर झालं, आणि एका आईनं पुढं येऊन कागदात गुंडाळलेला छोटा पुडा तिच्या हातात दिला.

आत सायकलची घंटी होती.

*

आणि हा गेल्या हिवाळ्यातला.

वानखेडे काका नोकरीबद्दल फारसं बोलत नाहीत. ते का, हे मला ज्योतीकडून कळलं आणि तिला काकूंकडून. रिटायर व्हायला तीन वर्षं असताना डोळ्यांच्या तपासणीत ते नापास झाले. गाडी काढून घेतली आणि डेपोत बसून करायचं काम दिलं. शेवटची तीन वर्षं ते रोज दुसऱ्यांनी नेलेल्या गाड्या जाताना बघत होते. पुढं ऑपरेशन झालं, नजर चांगली आली, पण तोवर नोकरी संपली होती. स्टिअरिंगवरचा शेवटचा दिवस कोणता, हे त्यांना त्या दिवशी माहीतच नव्हतं.

त्या रविवारी आम्ही समुद्रपूरच्या रोडला लागलो होतो. एका फाट्यावर कडुनिंबाखाली चहाची टपरी आहे, तिथं थांबलो. रस्त्याच्या पलीकडे समुद्रपूरची एसटी उभी होती, दहा मिनिटांच्या थांब्यावर. ड्रायव्हर चहाला आला आणि काकांना बघून थेट पायाशी वाकला. त्याचं नाव सुधाकर. नवीन लागला तेव्हा काकांच्या हाताखाली रस्ता शिकलेला. उंच, ताडमाड माणूस.

दोघं थोडं बोलले. मग सुधाकरची नजर सायकलीवर गेली. त्यानं विचारलं, "काका, एक चक्कर मारू का?"

काकांनी हातानंच हो म्हटलं. सुधाकर बसला, गुडघे हँडलला लागत होते, तसाच तो रोडनं पुढं निघून गेला.

काकांनी चहाचा ग्लास बाकावर ठेवला आणि रस्ता ओलांडला. कंडक्टरशी बोलायला जात असतील, असं आम्हाला वाटलं. पण ते ड्रायव्हरच्या बाजूला गेले, दार उघडलं, वर चढले आणि बसले. किल्लीला हात लावला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. थोड्या वेळानं खिडकीतून हात बाहेर काढला आणि बाहेरचा आरसा आपल्या उंचीला आणला. सावकाश, दोनदा मागं-पुढं करून.

ड्रायव्हरच्या लगेच मागच्या सीटवर एक म्हातारी गाठोडं घेऊन बसली होती. तिनं जाळीतून मोठ्यानं विचारलं, "डायवरसाहेब, समुद्रपूर कधी येईन?"

काका आरशातून नजर न काढता म्हणाले, "बसा माय. टायमावर पोचवतो."

पंकजनं फोटोसाठी मोबाइल काढला आणि पुन्हा खिशात ठेवला.

सुधाकर परत आला. त्यानं लांबूनच पाहिलं असावं, कारण शेवटचं अंतर तो उतरून, सायकल हातात धरून चालत आला. दाराखाली उभा राहिला. हाक मारली नाही. कंडक्टरनं घड्याळाकडे पाहिलं, पण बेल मारली नाही. मग काका आपणहून उतरले. सुधाकरनं सायकल त्यांच्या हातात दिली आणि वर चढला.

डबल बेल झाली. गाडी निघाली. रोड तिथं बराच सरळ आहे, त्यामुळे वळणापर्यंत आम्हाला दिसत होतं. सुधाकर मान खाली वाकवून वाकवून आरशात बघत होता.

आरशाला त्यानं हात लावला नाही.