तीन दिव्यांची मोटार

जुन्या मोटारीचे बॉनेट कुठे उघडे दिसले, की जहागीरदाराच्या आवारातला तो लिलाव डोळ्यांपुढे येतो आणि मी अजूनही अस्वस्थ होतो. वर्षे एकोणीसशे साठनंतरची. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. मी फौजदार म्हणून अक्कलकुव्याकडच्या ठाण्यात नुकताच बदलून आलो होतो.

ठाण्याचा ताबा घेतला तेव्हा एक प्रकरण अर्धवट पिकलेल्या फोडासारखे ठसठसत होते. आदल्या होळीच्या बाजारातून घरी परतणारा एक आदिवासी माणूस दिवेलागणीला वळणावर मोटारीखाली मेला. मोटार थांबली नाही. त्या संध्याकाळी त्याच रस्त्याने कापसाचा एक ट्रक गेला होता, ट्रकचा एक दिवा फुटलेला सापडला, आणि माझ्या आधीच्या अधिकाऱ्याने ट्रकड्रायव्हरला धरले. जागेवर मिळालेला काचेचा जाड तुकडा मुद्देमालात जमा झाला. साक्षीदार? 'कोणी नाही' असे कागदावर होते. ड्रायव्हर खांडबाऱ्याचा. जामिनावर सुटला होता, पण लायसन जप्त, काम बंद. खटला शेवटाला आला होता आणि शिक्षा होणार हे सगळे धरून चालले होते. तो अधूनमधून ठाण्यात यायचा, बाकावर बसायचा आणि आपल्या अहिराणीत एकच वाक्य बोलायचा.

"साहेब, मन्ही गाडीखाले मुंगीबी नही उनी."

हवालदार त्याला चहा द्यायचा. मग सगळे आपापल्या कागदांकडे वळायचे.

अशात बातमी आली की डोंगरपायथ्याच्या एका जहागीरदाराच्या मोटारींचा लिलाव आहे. जहागिरी गेल्या होत्या, थाट परवडत नव्हता. मला मोटारींचे वेड लहानपणापासून. पगारात सायकलचे टायर बदलताना जीव मेटाकुटीला यायचा, पण पाहायला काय लागते? लिलावाचा बंदोबस्त हवालदाराकडे सोपवला आणि मी साध्या कपड्यांत, हौशी माणूस म्हणून गेलो.

आवारात चिंचेखाली मोटारींची रांग होती. लांब नाकाच्या, उघड्या टपाच्या, पायऱ्यांच्या, पितळी मुठींच्या. सुरत-बडोद्याचे व्यापारी टायरवर लाथा मारून बघत होते, मुंबईचे शौकीन हातमोजे घालून फिरत होते. तापीकाठचा एक गुजर शेतकरी प्रत्येक बॉनेटमध्ये डोके घालून बघत होता. त्याला मोटार नकोच होती, केळीला पाणी उपसायला इंजिन हवे होते. मला एका हिरव्या शिकारी मोटारीपुढे उकिडवा बसलेला पाहून तो हसला. बाजारच्या बंदोबस्तात त्याने मला पाहिले होते.

"काय फौजदार साहेब, हाई गाडीमा बसीसन चोर धराले जाशात का?"

"चोर आपणहून येऊन बसेल हिच्यात," मी म्हणालो. खरे सांगतो, ती मोटार पाहून माझे भान गेले होते. माणसांना वेठीला धरून केलेल्या रस्त्यांवर ती मिरवली असणार हे कळत होते, तरी हात तिच्या मडगार्डवरून निघत नव्हता.

लिलाववाल्याच्या माणसाने गिऱ्हाइकांना दाखवायला एकेक मोटार चालू केली. हिरवीची पाळी आली. त्याने हॉर्न दाबला. दोन सुरांचा, आधी जाड मग बारीक. दोरीपलीकडे गंमत बघायला डोंगरातली माणसे बसली होती. त्यांतली एक बाई ताडकन उठली, काहीतरी ओरडली आणि मोटारीकडे पाठ करून मटकन खाली बसली.

हवालदार तिच्याजवळ गेला. तो स्वतः आदिवासी, तिची बोली त्याच्या घरची. परत आला तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता.

"साहेब, वळणावर मेला त्याची बायको आहे ती. सोबत चालत होती त्या दिवशी. म्हणते, हाच आवाज."

"साक्षीदार नव्हता ना?"

"तिला विचारलंच नव्हतं, साहेब. तिला मराठी येत नाही." त्याने रस्त्याकडे बोट केले. "वळणावरचा दगड पाहिलाय तुम्ही?"

पाहिला होता. अपघाताने गेलेल्या माणसाचा दगड कोरून, रंगवून उभा करायची तिकडे रीत आहे. बहुतेक दगडांवर घोडेस्वार असतो. या दगडावर माणसापुढे मोटार कोरलेली होती, आणि मोटारीला ओळीने तीन पिवळे गोल.

"ते तिने सांगून कोरवून घेतलंय," हवालदार म्हणाला. "तीन दिव्यांची मोटार."

ट्रकला दिवे दोन. पण समोरच्या हिरव्या मोटारीलाही दोनच होते. मी पुन्हा वाकलो. दोन दिव्यांमधल्या आडव्या पट्टीवर मधोमध हाताला खडबडीत लागले. भोके लांबी भरून बुजवून वर रंग मारला होता. शिकारी मोटारीला तिथे मोठा दिवा असतो. असला दिवा उगाच कोण काढतो?

तिकडे बोली सुरू झाली होती. हिरव्या मोटारीचा क्रमांक जवळ येत होता. ती एकदा मुंबईला गेली की नवा रंग, नवी पट्टी, आणि खांडबाऱ्याचा माणूस तुरुंगात. मी जहागीरदाराच्या जुन्या ड्रायव्हरला बाजूला घेतले. पांढरी मिशी, इस्त्रीची टोपी.

"मधला दिवा कुठे आहे?"

"कोनता दिवा? हाई गाडीले दिवा दोनच शेतस, साहेब."

मी बॉनेट उचलले. जाळीमागे तिसरी जाड वायर लोंबत होती, टोकाला चिकटपट्टी गुंडाळलेली. त्याने ती पाहिली आणि टोपी सारखी केली. धाक दाखवून हा माणूस बोलणार नाही हे मला दिसले. आयुष्यभर मोठ्या आवाजाखाली राहिलेली माणसे आवाजाला सरावतात. मी त्याच्या अभिमानाला हात घातला.

"असला दिवा उकिरड्यावर फेकलात? आणि स्वतःला ड्रायव्हर म्हणवता?"

तो उसळला. "फेका नही! खंडेनवमीले ज्याले कुकू लावं, त्याले फेकी देवानं का? मी मानूस शे का कोन?"

बोलला आणि त्याचाच हात तोंडाकडे गेला.

खंडेनवमीला हत्यारे-अवजारे पुजतात. मालकाने दिवा विहिरीत टाकायला सांगितला होता. याने दिवा लाल फडक्यात बांधून खोलीत ठेवला आणि फुटक्या दिव्यालाही गेल्या खंडेनवमीला कुंकू लावले. मला खोलीत नेऊन त्याने फडके सोडले. काचेचा एक कोपरा उडालेला होता.

"चालवत कोण होतं?"

"छोटा सरकार. मी बाजूले बसेल व्हतू. थांबा म्हनं मी. नही थांबनात."

छोटा सरकार म्हणजे जहागीरदाराचा मुलगा. मी फडक्यातला दिवा घेऊन मंडपाकडे धावलो. बोली चढली होती, लिलाववाल्याचा हातोडा वर गेला होता. पहिल्या रांगेत जहागीरदारांशेजारी आमचेच एक वरिष्ठ सरबत पीत बसले होते. त्यांनी माझा हात धरला.

"काय चाललंय? ही जागा आहे का? उद्या बघू."

"उद्या मोटार मुंबईत असेल, साहेब."

"जहागीरदार माझे स्नेही आहेत."

"मेलेल्याला स्नेही नव्हता, म्हणून तर इथवर आलंय हे."

हात सोडवला आणि मोटारीच्या पायरीवर उभा राहून जप्ती जाहीर केली. हातोडा हवेतच राहिला. पंच व्हायला कोणी पुढे येईना. व्यापारी एकमेकांच्या मागे सरकले. शेवटी तो गुजर शेतकरीच पगडी सारखी करत आला.

"मी करस सही. इंजिन ते गया मन्हं, सही तरी करू द्या."

त्याच्यामागून सुरतेचा एक व्यापारी ओशाळून आला.

दुसऱ्या दिवशी पंचांसमक्ष मालखान्यातला काचेचा तुकडा दिव्याच्या तुटक्या कोपऱ्याला लावला. असा बसला की फट शोधावी लागली. ट्रकड्रायव्हर सुटला. लायसन हातात घेऊन त्याने ते उलटसुलट पाहिले, खिशात घातले आणि निघून गेला. छोट्या सरकारवर खटला उभा राहिला आणि शिक्षा झाली. जितकी व्हायला हवी होती तितकी झाली असे मी आजही म्हणणार नाही.

ज्या मोटारीसाठी मी गेलो होतो ती ठाण्याच्या आवारात लिंबाखाली मुद्देमाल म्हणून गंजत पडली. रोज समोर असायची. मी एकदाही तिच्यात बसलो नाही.

त्या बाईचा जबाब मी हवालदारामार्फत तिच्याच बोलीत घेतला. शेवटी विचारले, "इतके महिने ठाण्यात येऊन सांगितलं का नाही?"

तिने माझ्याकडे पाहिले आणि हवालदाराला काहीतरी सांगितले. त्याने मान खाली घातली.

"काय म्हणते?"

"म्हणते, सांगितलं होतं साहेब. दगडावर कोरून रस्त्यावर उभं केलं. पोलिसांची जीप रोज तिथून जायची."

त्यानंतर ज्या ज्या ठाण्यात बदली झाली तिथे ताबा घेतल्यावर कागदांचे कपाट उघडण्याआधी मी हद्दीत पायी हिंडलो. सोबत तिथली बोली जाणणारा माणूस घेतला आणि रस्त्याकडेचा प्रत्येक दगड थांबून पाहिला.