थर सोलणारे सर

देवपूरच्या कॉलेजातले सर माझ्या दुकानात चिकटपट्टी घेतात. आधी नखावर चिकटवून सोलतात, उजेडात बघतात. प्रयोगशाळेत ते तिने स्फटिकाचे थर सोलतात.

“एका थरातले इलेक्ट्रॉन एकाच दिशेला तोंड करतात, म्हणून तो चुंबक, शेठ. वर दुसरा चढला, की तो उलटं तोंड करतो अन् दोघांचा जोर संपतो.”

“धाकटा भाऊ दुकानात बसला, तेव्हा असंच झालं!” मी फणकारलो. सर खळखळून हसले.

परवा नव्या पट्टीचा डिंक स्फटिकावर राहिला, त्यांचं महिन्याचं काम वाया गेलं. मी भांडायला तयार होतो. ते एवढंच म्हणाले, “जुना माल सापडेल?”

गोदाम उपसून चार रिळं काढली, दुप्पट भाव सांगितला. सरांनी लगेच पाकीट काढलं. मग त्यांच्या बाजूनेही मीच घासाघीस केली आणि जुन्या भावात दिली.