पॉइंट तीन

बिसराम सव्वीस वर्षं नहरीचा पाटकरी होता. सडक अर्जुनीकडच्या एका लहान तलावाचं गेट त्याच्या ताब्यात. चाक फिरवायचं, पट्टीवरचा आकडा पाहायचा, धानाला पाणी सोडायचं. पट्टी फुटांची होती.

२००३ साली ऑफिसनं शेजारी मीटरची नवी पट्टी ठोकली. साहेब आता मीटरमध्येच बोलत. बिसराम मनातल्या मनात फूट करून घेई, चुके, बोलणी खाई.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी चौकीतला फोन खरखरला.

"गेट पॉइंट तीन उघड."

"तीन ना जी?"

"हो, तीन."

खरखरीत 'पॉइंट' त्याला ऐकूच आलं नाही. तीन मीटर तर गेटही उंच नव्हतं. आज साहेब फुटांत बोलले, असं वाटून त्याला बरंच वाटलं. त्यानं जुन्या पट्टीवर तीन फूट उघडलं. साहेबांना हवं होतं पॉइंट तीन मीटर, म्हणजे जेमतेम एक फूट.

खालच्या अंगाला जमुनाबाई गवताचा भारा घेऊन पलीकडे जायला नहरीत उतरली. तिथं रोज गुडघाभर पाणी असे. दुसऱ्या दिवशी ती पुलाखाली सापडली. पंचनाम्यात 'पाय घसरून' असं लिहिलं. तोवर चूक उमगून बिसरामनं गेट खाली केलं होतं. त्याला कुणी काही विचारलं नाही.

त्याचं जेवण सुटलं. चाकाला हात लावला की गवताचा ओला वास येई. महिनाभरानं तो जमुनाबाईच्या नवऱ्याकडे, खुशालकडे गेला.

"माझ्याच हातानं गेट जास्त उघडला गेला जी."

खुशाल धानाचे भारे बांधत होता. तो थांबला.

"पानी कुठवर होता?"

"एक मीटरच्या वर..."

"मीटर मले नोको सांगू. तिच्या कुठवर होता?"

बिसरामनं छातीवर हात ठेवला. खुशाल त्या हाताकडे बघतच राहिला.

"जा आता," तो म्हणाला. "आन् पुन्हा येऊ नोको."

खुशालनं तक्रार केली नाही. बिसराम निवृत्त होईपर्यंत, म्हणजे आणखी आठ वर्षं, गेट उघडण्याआधी नहरीच्या काठानं पुलापर्यंत चालत जाई, हाका मारत, "पानी येऊन राहिला, बाहेर निंगा!" त्यापायी पाणी उशिरा सुटे, साहेब चिडत. पुलाजवळ नहरीत कुणी नसलं तरी तो थांबे. जणू कुणीतरी सावकाश काठ चढतंय, असा बघत उभा राही. मग माघारी फिरे.