पट्टी सुटायच्या आधी

दुपारी आईला चमच्याने पेज भरवत होते, तेव्हा माझ्या थोरल्या भावाच्या, अण्णाच्या, कॉलेजातले एक मास्तर दवाखान्याच्या दारात येऊन उभे राहिले. आत येईनात. मी वाटी हातात घेऊनच बाहेर गेले. "तुमचे अण्णा... आडुतुरैच्या स्टेशनवर... छातीत कळ आली... गाडी यायच्या आधीच..." एवढंच ते तमिळमधून कसंबसं बोलले. मला आधी रागच आला. म्हटलं, काहीतरीच काय बोलता! सकाळी तर इथे बसून, आईची पट्टी नीट आहे का बघून, मित्राला भेटून येतो म्हणून गेलाय तो! मागून आईची हाक आली, "अंबू, कोण आलें गे?" मी म्हटलं, "दूधवाला." आणि आत जाऊन उरलेली पेज भरवली. कशी भरवली, देव जाणे.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. ज्यांनी हे पाहिलं नसेल त्यांना सांगते, दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या आणि कित्येक दिवस नुसतं उताणं पडून राहायचं. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, रडायचं तर मुळीच नाही. जखम उघडली की डोळा गेला. डॉक्टर म्हणाले, "सांगायचं की नाही, तुम्ही ठरवा." मी ठरवलं, पट्टी सुटेपर्यंत सांगायचं नाही. नातेवाईक अजून मला बोल लावतात. लावू देत.

कारण हा डोळा अण्णाने हट्टाने मिळवलेला होता. अण्णाचं नाव व्यंकटराव, इथे कुंभकोणमला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. लग्न केलं नाही. बोकडांच्या डोळ्यांशीच संसार केला म्हणा ना. खाटकाकडून डोळे आणायचे, आतली भिंगं काढायची आणि त्यांतल्या प्रथिनांचा अभ्यास करत बसायचं. घरी आला की आई त्याला आधी विहिरीवर आंघोळीला पिटाळायची. तिला दिसेनासं झालं तरी ती ऑपरेशनला तयार होईना. "पाहिलें तेवढें पुरे," म्हणायची. (पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात राहिलेली आम्ही माणसं, आमची मराठी तुम्हाला पोथीतली वाटेल. वाटू दे, घरात आम्ही अशीच बोलतो.) अण्णाने तिचं डोकं खाऊन खाऊन शेवटी म्हटलं, "पट्टी सुटेल तेव्हां पहिलें तोंड माझें दिसेल, मग तर झालें?" तेव्हा कुठे ती हो म्हणाली.

ऑपरेशन झाल्यावर तिच्या उशाशी बसून त्याने, विद्यार्थी समोर असावेत तसं, तिला सगळं समजावलं. "आई, कातडी झडते, नवी येते. भिंगांतलें कांहीं झडत नाहीं. नवे थर बाहेरून चढतात, जुने आंत दबून राहतात. त्या जुन्या पेशींना नवें प्रथिन करितां येत नाहीं, आहे त्यावरच जन्म काढायचा. तेंच म्हातारपणीं बिघडतें, दूध नासावें तसें. तुझ्या भिंगाचा मधला दाणा तूं तुझ्या आईच्या पोटांत होतीस तेव्हांचा होता." आई म्हणाली, "आणि तुझ्या डोळ्यांतला?" "तुझ्या पोटांतला. अजून तोच आहे." तिने हात वर करून चाचपडत त्याच्या पापण्यांवरून बोटं फिरवली. हलू नकोस म्हणून तो केवढ्यांदा ओरडला तिच्यावर!

चुलतभावाने कावेरीकाठी अग्नी दिला तेव्हा मी दवाखान्यात आईचे पाय चेपत होते. रडूही आलं नाही. एकच मनात आलं... तो दाणा. आईच्या पोटात घडलेला, इतकी वर्षं तसाच राहिलेला, तोही आता जळत असेल. अजूनही कुणी "अण्णा गेले" म्हटलं की वाटतं, दुसऱ्या कुणाच्या अण्णाबद्दल बोलताहेत. आईला मी सांगितलं, अण्णाला मद्रासला जावं लागलं, परीक्षेच्या कामाला. "बरें," म्हणाली. पुन्हा एकदाही विचारलं नाही. मला वाटलं, पचली थाप.

पट्टी सुटली. भिंग काढलेल्या डोळ्याला सगळंच धुक्यातलं दिसतं, माणूस म्हणजे नुसता आकार. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्यामागे पाहिलं. मी तोंड उघडणार, तोच म्हणाली, "सांगूं नको. दूधवाला दुपारीं येतो काय गे?"

"ठाऊक होतें तर रडली कां नाहींस?" मी किंचाळलेच.

"हा डोळा त्यानें करविला. सांडून कसा टाकूं?" मग डॉक्टरांकडे वळून तिने तमिळमध्ये विचारलं, "आता रडू का?" डॉक्टर सुटलेली पट्टी गुंडाळत म्हणाले, "अजून थोडे दिवस नको, अम्मा."

गेल्या आठवड्यात तिचा चष्मा आला, चांगला जाड काचांचा. तो लावून ती तांदूळ निवडते, वाती वळते, माझ्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्यासुद्धा मोजते. पण दाराची कडी वाजली की लगेच काढून मांडीवर ठेवते. काल मी चिडलेच, "कोण आलें तें दिसायला नको कां तुला?"

"चष्मा लाविला कीं दारांतला आकार दुसराच कोणी होतो गे," आई म्हणाली.