दोन पेंढ्यांची सावड

बी-स्कूलमध्ये पहिल्याच दिवशी सगळ्यांना एकेक करून उभं केलं आणि आपापली पार्श्वभूमी सांगायला लावली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की वर्गात पार्श्वभूमी नसलेला मी एकटाच. माझ्याकडे होतं ते नुसतं गाव.

बाकीच्यांकडे काय नव्हतं! एक जण हवाई दलातली नोकरी पुरी करून आलेला, पोरांच्या वर्गात वडीलधारा, त्याला आम्ही दुपारपर्यंत फौजीकाका करून टाकलं. एक दातांची डॉक्टर होती. ओळख सांगता सांगता तिनं पहिल्या बाकावरच्या तिघांच्या दाढा तपासल्या, असं मी पुढे वर्षभर सांगत फिरलो आणि चौथा माणूस 'माझीपण' म्हणायला लागला. लोणावळ्याची एक चिक्कीवाली होती. आजोबांपासूनचं दुकान, जन्म गुळाच्या वासात गेलेला, त्यामुळे ती चहासुद्धा बिनसाखरेचा प्यायची. लोणावळ्याचाच एक गादीवाला होता. त्याच्या वडिलांनी हॉटेलांना गाद्या पुरवलेल्या, आणि तो छाती फुगवून म्हणाला की लोणावळ्यात कुणी कुठंही झोपलं तरी आमच्यावरच झोपतं. आणि पुण्याचा एक होता, बिल्डरचा मुलगा. भात हे झाड आहे की वेल, हे त्याला सांगता आलं नसतं, पण जे सांगायचा ते इतकं गोड सांगायचा की ऐकणाऱ्याला वेलच दिसायची. तो माझ्या शेजारी बसला आणि दीड वर्षं उठला नाही. आमच्या भाषेत जोडीदार.

माझी पाळी आली. औंढे म्हणालो, मावळातलं. लोणावळ्याचे दोघं सोडले तर कुणाचा चेहरा हलेना. मग गावाला थोडा हातभार लावणं भाग होतं. म्हणालो, आमच्याकडे धुकं इतकं दाट की वडील आंघोळीनंतर टॉवेल धुक्यावरच वाळत घालायचे. बिबट्या संध्याकाळी ओट्यावर येऊन बसतो आणि आई त्याला म्हणते, आज उशीर केलास. म्हैस तर गाडीची शिट्टी ऐकल्याशिवाय पान्हा सोडत नाही, त्यामुळे मेगाब्लॉकच्या रविवारी आम्ही कोरा चहा पितो. वर्ग आडवा झाला. प्लेसमेंटचे सर सगळ्यात जास्त हसले, चष्मा काढून पुसला. त्यानंतर ते कधीही भेटले की विचारायचे, काय म्हणतो तुमचा बिबट्या? आणि मीही ताजी खबर द्यायचो. एवढा आदर त्यांनी माझ्या गुणांना कधी दिला नाही, पण तेवढे गुणही नव्हते.

शाळेनं आमच्या सगळ्यांचा मिळून एक फोटो काढला आणि खाली मोठ्या अक्षरात 'विविधता' असं छापलं. फोटोसाठी मला गांधी टोपी घालायला लावली. जन्मात घातली नव्हती. टोपी जोडीदाराच्या ड्रायव्हरची होती.

पण एक गोष्ट माझ्याकडे अशी होती, की तिला हातभार लावायची गरज पडली नव्हती.

आमच्याकडे भातकापणी सावडीनं होते. आज तुम्ही माझ्या शेतात विळा घेऊन या, उद्या मी तुमच्या. जेवण ज्याचं शेत त्याच्या घरचं. कुठं लिहून ठेवत नाहीत, पण विसरतही नाहीत. माझे वडील गेले ते ऐन कापणीत. वडील आजारी, त्यामुळे त्या वर्षी आमच्या घरून कुणीच कुणाच्या शेतात गेलं नव्हतं. भात पिकून लवलेलं, आणि आई कुणाला बोलवायला तयार नाही, कारण आपलीच सावड लोकांवर चढलेली नाही तर मागायची कुठल्या तोंडानं? तिसऱ्या दिवशी सकाळी बाहेर आलो तर अर्धं गाव आमच्या शेतात वाकलेलं. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून प्रत्येकानं स्वतःची भाकरी फडक्यात बांधून आणलेली. आणि जाताना प्रत्येकानं चतकोर भाकरी बांधावर आईसाठी ठेवली. आईनं पुढे दोन हंगाम प्रत्येकाच्या शेतात जाऊन ती सावड फेडली, शेवटी शेवटी तर ताप अंगात घेऊन.

ही गोष्ट मी वर्गातल्या दोस्तांना सांगितली ती आमच्याच बांधावर. दिवाळीच्या सुटीत चौघंजण कापणी बघायला आले होते. चिक्कीवाली, गादीवाला, फौजीकाका, जोडीदार. आईनं सगळ्यांना विळे दिले. फौजीकाका शिस्तीत कापत गेले, गादीवाल्यानं पेंढ्यांवर पडून त्यांची गादीशी तुलना केली. जोडीदारानं दोन पेंढ्या कापल्या आणि तिसरीच्या आधी बोट. आईनं हळद लावली, आपल्या ताटातलं वाढलं. जेवून आम्ही बांधावर बसलो तेव्हा मी सांगितलं. पहिल्यांदाच मी काही सांगत होतो आणि कुणी हसत नव्हतं.

ते गेल्यावर आईला वेगळीच काळजी. "त्यांची सावड आली की रं आपल्यावर. त्यान्ला शेत न्हाई, फेडायची कशी?"

मी म्हटलं, फेडतो मी.

आणि निदान एकाची फेडायची संधी आली असं वाटलं. शेवटच्या वर्षी कंपन्या यायला लागल्या. सगळ्यांच्या नोकऱ्या गुरुग्राम, चेन्नई, बंगळूर. एकच कंपनी अशी होती की ती गावोगाव तांदूळ घेऊन शहरात विकणार, आणि तिला मावळातच बसणारा एक माणूस हवा होता. एकच. मला ती नोकरी मिळाली तर मी रोज संध्याकाळी घरी जेवणार होतो. नाही मिळाली तर आईनं एकटीनं शेत करायचं किंवा दुसऱ्याला द्यायचं. इतकं सरळ होतं.

मुलाखतीची तयारी मी आणि जोडीदार मिळून करायचो. तो मला आकडे शिकवायचा, मी त्याला गावं सांगायचो. मी त्याला म्हटलंसुद्धा, ही आपली सावड. त्याला तो शब्द फार आवडला. त्यानंच मला बजावलं, "भावा, आत बिबट्या नको. म्हैस नको. ती आईची गोष्ट सांग." मग ती माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतली. भाकरीपाशी थांब म्हणाला. चतकोर म्हणताना खाली बघ म्हणाला. मी मनात म्हटलं, माणूस असावा तर असा. स्वतः त्याच नोकरीला बसलाय आणि मला पढवतोय.

त्याचा नंबर माझ्या आधी होता. बाहेर आला तो खांद्यावर थाप मारून गेला.

आत कंपनीचे दोघं, एक बाई आणि एक साहेब, आणि बाजूला आमचे प्लेसमेंटचे सर. तुम्हाला मावळातच का राहायचंय, असं बाईंनी विचारलं. मी सुरुवात केली. वडील, कापणी, अर्धं गाव. भाकरीपाशी थांबलो, खाली बघितलं. वर बघितलं तर बाई साहेबांकडे बघत होत्या.

"हे आत्ताच एकानं सांगितलं," त्या म्हणाल्या. "त्याच्या आजोळची गोष्ट आहे ना ही?"

मी म्हणालो, माझी आहे. माझ्या आईची आहे. आवाज चढला असणार. साहेबांनी आमच्या सरांकडे बघितलं, म्हणजे तुम्हीच सांगा असं. सर हसले. वाईट हसले नाहीत, तेच नेहमीचं, कौतुकाचं. "हा आमचा गोष्टीवेल्हाळ," ते म्हणाले. "याच्या ओट्यावर बिबट्या येतो."

तिघंही हसले. मुलाखत तिथंच संपली, पुढची वीस मिनिटं नुसती चालली.

बाहेर पॅसेजमध्ये सगळे उभे होते, इस्त्रीच्या कपड्यांत. मी काय झालं ते सांगितलं आणि म्हटलं, तुम्ही माझ्या बांधावर बसून ऐकलंय, कुणीतरी आत जाऊन एवढंच सांगा. फौजीकाकांनी घड्याळ बघितलं. चिक्कीवालीनं बाटलीतलं पाणी प्यायला सुरुवात केली आणि मला वाटतं ती अजून पीतच असेल. एकटा गादीवाला खरं बोलला. "भावा, पुढचा नंबर माझा आहे."

एवढ्या गावांचं पाणी प्यालेली माणसं, विविधता म्हणून छापलेली, आणि त्या दिवशी सगळ्यांच्या तोंडात एकच पाणी.

जोडीदार कॅन्टीनला होता. मी बोलत राहिलो, तो समोसा खात ऐकत राहिला. मग म्हणाला, "अरे तूच म्हणालास ना सावड? मी तुला आकडे दिले, तू मला गोष्ट दिलीस. फिटलं."

मी म्हटलं, सावडीला येणारा कापून देतो, रास उचलून नेत नाही.

"लिहून घ्यायचं होतंस मग," तो म्हणाला, आणि चटणी पुढं केली.

नोकरी त्याला मिळाली. मी गुरुग्रामला गेलो. तिकडे उन्हाळा असा की सावली दुपारी सुटीवर जाते. पण ते असू दे.

पुढच्या हंगामाआधी आईचा फोन आला. कंपनीची गाडी गावात आलती, म्हणाली. देवळापुढं सगळ्यांना बसवलं, तांदूळ आमालाच घाला म्हणून साहेबानं भाषण केलं. भाषणात एक गोष्ट सांगितली. आजोळी त्याच्या आजोबांच्या मयताला सगळं गाव कापणीला धावलं, आजीनं रडत रडत सगळ्या गावाला जेवू घातलं.

आमच्या गावाला. ज्यांनी कापलं त्यांनाच.

"कुणी काय बोललं का न्हाई?" मी विचारलं. गुरुग्राममध्ये माझी भाषा अशीच अचानक परत यायची.

"मी बोलले. म्हटलं साहेब, सुतकात चूल पेटत न्हाई. त्यो हसला. म्हनला, मावशी, आमच्याकडं पेटते."

"आणि तुला ओळखलं नाही?"

आईच्या मागून म्हैस ओरडल्याचं ऐकू आलं. "न्हाई रं. हळद लावली व्हती मी त्याला. पर न्हाई वळखलं."

तांदूळ गावानं त्यालाच घातला. गाडी दारात येते, पोती उचलायला माणसं येतात, लोकांनी का घालू नये? आईनंही घातला. कापणीनंतर हे फोनवर सांगताना तीच म्हणाली, "मनाला लावून घिऊ नगंस. त्यानं आपलं भात कापलं व्हतं. सावड व्हती आपल्यावर, लय दिस डोसक्यात व्हती माझ्या. फिटली म्हन आता."

तिची फिटली. मी अजून हिशेब घालतो. दोन पेंढ्या कापल्या होत्या त्यानं. एवढ्यावर आख्खी आई घेऊन गेलेला माणूस मावळात दुसरा झाला नसेल. हे मी इकडे ऑफिसात सांगितलं, तर सगळे खूप हसले आणि म्हणाले, आता बिबट्याची सांग.