पांढऱ्या पट्ट्याचा फोटो

आमच्या भावकीत आमंत्रण आलं आणि तुम्ही ते साधं पाहिलंही नाहीत, असं कळलं की पुढची कित्येक वर्षं ऐकून घ्यावं लागतं. पूर्वी माणूस अक्षता घेऊन दारात यायचा. आता पत्रिका मोबाईलवर येते, आणि ती न उघडणं म्हणजे दारातल्या माणसाला पाणीही न विचारणं. ज्या कोणा मेल्याने ती फाईल बनवली, त्याला आमची ही खोड नेमकी ठाऊक असावी.

माझा मोठा भाऊ पोलादपूरला राहतो, सावित्रीच्या पुलाजवळ. मी महाडच्या बाजारपेठेत कॉम्प्युटरचे क्लास घेते. आमची आत्याही महाडातच, पण नदीकडच्या खालच्या गल्लीत, तळमजल्यावर, एकटी. तिचे गुडघे गेलेत, जिना चढवायचा तर दोन माणसं लागतात. वाचता तर तिला कधीच आलं नाही. पण दादा पावसाळ्यात रोज पुलाच्या खांबाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकतो, तो तिला बरोबर वाचता येतो. खांबावर पांढरा पट्टा रंगवलेला आहे. पट्टा दिसतोय तोवर ती निवांत. तो बुडाला की काही तासांत पाणी आमच्या खालच्या गल्ल्यांत शिरतं. मग ती वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना हाक मारते, मला फोन करते आणि आम्ही दोघं तिला वर नेतो. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं.

गेल्या वैशाखात दादाच्या नंबरवरून ग्रुपवर लग्नपत्रिका आली. नाव 'लग्नपत्रिका', आणि नावाच्या शेपटाला तीन इंग्रजी अक्षरं: एपीके. क्लासमध्ये मी घसा फोडून सांगते, फाईलचं नाव बघून भुलू नका, शेपूट बघा. जेपीजी म्हणजे फोटो, तो पाहायचा. पीडीएफ म्हणजे कागद, तो वाचायचा, आणि तोही पाठवणाऱ्याला विचारून. एपीके मात्र चित्रही नाही आणि कागदही नाही. ते अख्खं अ‍ॅप असतं, तुमच्या घरात राहायलाच येतं. आल्या आल्या विचारतं, मेसेज वाचू का, नंबर बघू का. आणि आपली माणसं पाहुण्याला नाही कसं म्हणायचं म्हणून हो हो करत जातात.

दादानेही तेच केलं होतं. त्याला ती मुंबईच्या चुलतभावाच्या नंबरवरून आली होती. "घरचंच लगीन असंल, म्हटलं बघू तरी कोणाचं," तो म्हणाला. लग्न कोणाचंच नव्हतं. फोन नुसता तापत राहिला आणि त्याच्या नकळत, त्याच्याच नावाने, सगळ्या भावकीला पत्रिका वाटत सुटला. बँकेचे मेसेज त्याच्याआधी दुसरंच कोणीतरी वाचत होतं. बँकेत धावून खातं थांबवलं, फोन पुसून कोरा केला, आणि थोडक्यात निभावलं. पण त्याच्याच नावाने कोणीतरी परका आमच्याशी बोलून गेला होता, ही गोष्ट माझ्या मनातून जाईना.

मग मी फर्मान काढलं. दादाच्या नंबरवरून नुसती फाईल आली तर कोणी बोट लावायचं नाही. आत्याला तर समोर बसवून शिकवलं. "चित्र दिसलं तर बघ. पांढऱ्या चौकोनात नुसती अक्षरं असली तर हात लावायचा नाही. मी सांगेपर्यंत नाही."

"नाय लावणार गो," ती म्हणाली. "किती येला सांगशील?"

आषाढात तीन दिवस पाऊस खळला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी दादाच्या नंबरवरून ग्रुपवर पांढरा चौकोन आला. नाव इतकं लांबलचक, आकड्यांचं, की शेपूट दिसतच नव्हतं. नावापुढे नुसते तीन ठिपके. मी त्याच्याकडे बघत बसले. ग्रुपवर एरवी सुप्रभातलाही हात जोडणारी माणसं, पण त्या दिवशी कोणी चकार शब्द काढला नाही. दादाला फोन लावला, लागेना. पाऊस वाढला की पोलादपूरचं नेटवर्क आधी जातं. ही फाईल दादाची की पुन्हा त्या परक्याची, हे सांगणारं कोणी नव्हतं. मला भीती वाटत होती, आणि कसली भीती जास्त, तेही कळत नव्हतं. फाईल न उघडताच मी छत्री घेऊन निघाले.

खालच्या गल्लीत गटार उलटं वाहत होतं. आत्या खाटेवर पाय वर घेऊन बसलेली, फोन मांडीवर. मी जिन्याखालून मास्तरांना हाक मारली. आम्ही दोघांनी तिला उचललं तेव्हा उंबऱ्याच्या आत पाणी आलं होतं. अर्ध्या जिन्यावर मास्तरांचा पाय घसरला, तिघं भिंतीला टेकून कसेबसे सावरलो. आत्या एकच वाक्य बोलत होती, "कवाची फाईल आली, पण मी हात नाय लावला हां." शाबासकी हवी होती तिला. मी पुढच्या पायरीवर पाय ठेवला.

वर पोहोचल्यावर दादाचा फोन लागला. तो ओरडतच होता. "सकाळपासून फोटो जात नव्हता गो! कोण तरी म्हणाला फाईल करून पाठव, जातो. पट्टा कवाच बुडालाय. एकानं पण काय विचारलं नाय?"

आत्याने ते ऐकलं. तिने फोन माझ्यापुढे धरला. "मग आता उघडू काय गो?"

मी हो म्हटलं. तिने बोट लावलं. पूल आला, खांब आला, आणि त्यावर गढूळ पाणी. पट्टा कुठेच नव्हता. आत्याने फोन जवळ घेऊन नीट पाहिला.

"फोटो चांगला आलाय," ती म्हणाली.

खाली तिची खाट भिंतीवर आपटायला लागली होती.